तारण होतं दरवाढीचं: जेफरसन काउंटीच्या मलनिस्सारण रोख्यांचं प्रकरण

गटारीवर जप्ती आणता येत नाही. घरकर्जाचे हप्ते थकले तर बँक घर विकते, कारखान्याचे थकले तर यंत्रं उचलून नेते. जमिनीत पुरलेल्या मलवाहिन्या उकरून सावकार करणार काय? तरी जगभरातल्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण संस्था याच नळ्यांसाठी अब्जावधींची कर्जं उभारतात आणि बहुतेक वेळा ती मुकाट फेडतातही. तारण असतं ते पुढची तीस-चाळीस वर्षं घरोघरी जाणाऱ्या बिलांचं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) असे सुमारे ३.२ अब्ज डॉलर उभे केले आणि ९ नोव्हेंबर २०११ रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. एकूण देणी ४ अब्ज डॉलरच्या वर होती. अमेरिकेतल्या कुठल्याही स्थानिक संस्थेचं एवढं मोठं दिवाळं तोवर निघालं नव्हतं. पावणेदोन वर्षांत डेट्रॉइटने ती जागा घेतली. हे प्रकरण सांगताना बहुतेक जण लाचखोरी, महागडी घड्याळं आणि वॉल स्ट्रीटच्या करामतींवर रेंगाळतात. ते सगळं खरंच घडलं आणि पुढे येईलच. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या कर्जाचं तारण एकच होतं: दर आणखी वाढवता येण्याची जागा. ती किती उरली आहे हे ना घेणाऱ्याने मोजलं, ना देणाऱ्याने. आणि ती संपत आल्याचं दिसायला लागलं तेव्हा ते झाकण्यासाठी आणखी कर्ज काढलं गेलं.

नदी, खटला आणि एकवीस गावांच्या नळ्या

जेफरसन काउंटी म्हणजे बर्मिंगहॅम शहर आणि त्याच्या भोवतालची उपनगरं. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी वर. कारभार निवडून आलेल्या पाच आयुक्तांच्या हाती. हे आयुक्त म्हणजे आपल्या महापालिका आयुक्तांसारखे सनदी अधिकारी नव्हेत. मतं मागून आलेली माणसं. बर्मिंगहॅम १८७१ साली वसलं आणि लोखंड-पोलादावर वाढलं. पुढे भट्ट्या विझत गेल्या, ऐपतदार कुटुंबं डोंगरापलीकडच्या उपनगरांत गेली आणि मूळ शहरात गरिबी साचली. चारातला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली, अशी शहराची स्थिती झाली.

नळ्या जुन्या, जागोजागी तडकलेल्या. पाऊस झाला की भूजल आणि पावसाचं पाणी त्यात शिरायचं, शुद्धीकरण केंद्रांची क्षमता तोकडी पडायची आणि न शुद्ध केलेलं सांडपाणी सरळ काहाबा नदीत आणि आसपासच्या ओढ्यांत जायचं. १९९३ साली नागरिकांनी खटला भरला, केंद्र सरकारची पर्यावरण संस्थाही मागोमाग उतरली. १९९६ मध्ये तडजोडीचा न्यायालयीन हुकूमनामा झाला. काउंटीने सांडपाण्याचं उतू जाणं थांबवायचं, आणि त्यासाठी २१ नगरपालिकांच्या मलवाहिन्याही आपल्या ताब्यात घ्यायच्या.

या शेवटच्या कलमाकडे नीट पाहायला हवं. दुसऱ्यांच्या नळ्या, त्यांची अवस्था कोणाला धड ठाऊक नाही, आणि दुरुस्ती करायचीच असा कोर्टाचा आदेश. कंत्राटदाराला याहून चांगला ग्राहक कुठे मिळणार? किती खर्च येईल हे काम सुरू झाल्यावरच कळणार होतं, आणि काम थांबवायची मुभा नव्हती.

पैसे उभारायचे तर अलाबामाच्या तेव्हाच्या, १९०१ च्या राज्यघटनेप्रमाणे काउंटीला बॉण्ड काढण्याआधी मतदारांचा कौल घ्यावा लागायचा. ‘वॉरंट’ काढायला लागायचा नाही. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही, म्हणून काउंटीने वॉरंट काढले. मी पुढे त्यांना रोखेच म्हणतो. अर्थ एवढाच, की ३ अब्जांहून मोठ्या कर्जावर ज्यांची बिलं गहाण पडली त्यांना एकदाही विचारलं गेलं नाही.

पैसा कुठून कुठे जातो

महसुली रोख्यांची रचना कागदावर फार साधी असते. सगळी बिलं एका खात्यात जमा होतात. त्यातून आधी यंत्रणा चालवण्याचा खर्च: वीज, रसायनं, पगार, रोजची डागडुजी. उरतो तो निव्वळ महसूल. त्यातून व्याज आणि मुद्दल. मग राखीव निधी भरायचा. त्यानंतर जुन्या नळ्या बदलण्यासाठी तरतूद. शेवटी काही शिल्लक राहिलंच तर संस्थेचं. हा क्रम ट्रस्टी बँकेबरोबरच्या, म्हणजे रोखेधारकांच्या वतीने काम पाहणाऱ्या बँकेबरोबरच्या करारात लिहिलेला असतो आणि पैसे ट्रस्टीच्या देखरेखीखाली फिरतात.

गृहीत आकडे घेऊ. वर्षाला १०० रुपये वसूल झाले, ५५ चालवण्यात गेले, ४५ उरले. वर्षाचा हप्ता ३६. पंचेचाळीस भागिले छत्तीस, म्हणजे १.२५. हप्त्याच्या किती पट पैसा हातात आहे हे सांगणाऱ्या या आकड्याला बँकवाले डीएससीआर म्हणतात आणि महसुली रोख्यांत तो साधारण १.१ ते १.२५ च्या वर ठेवण्याची अट असते. आकडा खाली जायला लागला तर संस्थेने दर वाढवायचे, असं वचन करारातच दिलेलं असतं. सगळ्या कागदपत्रांत मला हे कलम सर्वांत महत्त्वाचं वाटतं. राखीव निधी सहा महिने-वर्ष तग धरतो, रोख्यांवरचा विमा तर विमा कंपनीच्या ऐपतीवर टिकून असतो. रोखेधारकाच्या हातात शेवटी हे वचनच राहतं.

आणि धनको मागे फिरून काउंटीच्या बाकीच्या करांवर हात टाकू शकत नाही. जेफरसनच्या रोख्यांवर स्पष्ट लिहिलं होतं की परतफेड फक्त मलनिस्सारण यंत्रणेच्या निव्वळ महसुलातून होईल.

आपल्याकडे ही रचना शुद्ध स्वरूपात जवळपास दिसत नाही. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. रोखे पाण्यासाठी, पण परतफेडीसाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्या परतफेडीसाठी राखलेल्या खात्यात, वळवला तो मालमत्ता कर. त्याआधी १९९८ मध्ये अहमदाबादने १०० कोटी उभारले तेव्हा जकात नाक्यांची वसुली बाजूला काढून ठेवली होती. कारण उघड आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणीपट्टीतून पाणी खात्याचा चालू खर्चही निघत नाही, मग त्यावर कर्ज कोण देणार? एका अर्थी हे सावकाराचं शहाणपणच. जेफरसनमध्ये सावकाराला वाटलं की बिलं पुरतील.

दर वाढले, कर्ज त्याहून वाढलं

१९९७ पासून रोख्यांची मालिका सुरू झाली. १९९९ मध्ये एकाच फेरीत ९५ कोटी डॉलर. पुढे आणखी. काउंटीने दर वाढवले नाहीत असं मुळीच नाही. १९९७ ते २००८ या काळात मलनिस्सारणाचे दर तीनशे टक्क्यांहून जास्त वाढले, म्हणजे चौपटीपलीकडे गेले. तिथे हे शुल्क पाण्याच्या बिलातच येतं आणि पाण्याच्या वापरावर मोजलं जातं. अनेक घरांत बिलावरची मलनिस्सारणाची ओळ पाण्याच्या ओळीपेक्षा मोठी झाली. नळातून आलेल्या पाण्यापेक्षा मोरीतून गेलेलं पाणी महाग!

मग अडलं कुठे? जोडण्या दीड लाखाच्या आतच होत्या. बाकीची कितीतरी घरं सेप्टिक टँकवर, त्यांच्याकडून काही येत नव्हतं. ३.१४ अब्जांच्या कर्जाला दीड लाखाने भागा. प्रत्येक जोडणीमागे २०,००० डॉलरच्या वर बोजा निघतो, व्याज वेगळं. दर चढले की माणसं पाणी जपून वापरायला लागतात, मग दर जेवढ्या टक्क्यांनी वाढतो तेवढा महसूल वाढत नाही. लोकसंख्या तर वाढतच नव्हती. म्हणजे तीस-चाळीस वर्षांच्या वसुलीचा जो तक्ता रोखे विकताना दाखवला जातो, त्यातला ग्राहकांचा रकाना सपाट आणि दराचा रकाना सतत चढता होता. अशा तक्त्यावर ज्याने सही केली त्याला विचारायला हवं होतं: विधवेच्या पेन्शनमधून यातलं किती निघेल?

पैसा हातात आला की कंत्राटं फुटतात, आणि कंत्राटं फुटली की काय होतं हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. काउंटीचे अधिकारी, माजी आयुक्त, कंत्राटदार मिळून वीसच्या आसपास लोक या प्रकरणात दोषी ठरले. त्यात एक नाव ख्रिस मॅकनेअर यांचं. व्यवसायाने छायाचित्रकार. १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, त्यात ज्या चार मुली गेल्या त्यातली अकरा वर्षांची डेनिस ही त्यांची मुलगी. पुढे ते राज्याच्या विधिमंडळात गेले, मग काउंटीचे आयुक्त झाले आणि मलनिस्सारण खातं त्यांच्याकडे आलं. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या नूतनीकरणाचा खर्च मलनिस्सारणाच्या कंत्राटदारांनी उचलला. २००६ मध्ये ते दोषी ठरले आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. वय आणि प्रकृती पाहून २०१३ मध्ये त्यांना सोडलं. त्या शहराने ज्याच्यापुढे मान झुकवावी असा माणूस, आणि त्याच्या स्टुडिओच्या भिंती गटारीच्या पैशांनी रंगलेल्या.

तरीही हिशेब करून पाहा. सगळी लाच परत मिळवली असती तरी हप्ता किती कमी झाला असता? फार थोडा. लाचेची किंमत तिच्या रकमेत मोजायची नसते. लाच घेणारा माणूस काम आवश्यक आहे का आणि व्यवहार परवडणारा आहे का हे दोन प्रश्न विचारत नाही, आणि नुकसान तिथे होतं.

स्वॅप: दरवाढ पुढे ढकलण्याचं यंत्र

२००२ च्या अखेरीस लॅरी लँगफर्ड पाच आयुक्तांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. कर्ज डोक्यावर होतं, हप्ते वाढत होते, आणि स्थिर व्याजाचं कर्ज तसंच ठेवलं तर दर आणखी चढवणं अटळ होतं. त्यावर उपाय घेऊन बँका आल्या. २००२ आणि २००३ मध्ये काउंटीने जवळपास सगळं कर्ज फिरवून घेतलं. स्थिर व्याजाऐवजी बदलतं व्याज. त्यातला मोठा भाग ‘लिलाव-दर’ रोख्यांचा, म्हणजे दर काही दिवसांनी लिलाव होणार आणि त्यात ठरेल तो व्याजदर. बदलत्या व्याजाचा धोका नको म्हणून त्यावर स्वॅप करार. स्वॅपखालची एकूण रक्कम मूळ कर्जाहूनही मोठी, ५ अब्ज डॉलरच्या वर गेली.

स्वॅपची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काउंटी बँकेला ठरलेलं स्थिर व्याज देणार. बँक काउंटीला बदलतं व्याज देणार, लायबोर या आंतरराष्ट्रीय दराच्या ६७ टक्क्यांच्या आसपास. काउंटी ते घेऊन रोखेधारकांना लिलावात ठरलेलं व्याज देणार. अमेरिकेत स्थानिक संस्थांच्या रोख्यांचं व्याज करमुक्त असतं, म्हणून ते बाजारदराच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. त्यामुळे बँकेकडून येणारं आणि रोखेधारकांना जाणारं एकमेकांना कापून जाईल आणि काउंटीच्या खिशातून फक्त स्थिर दर जाईल, तोही आधीपेक्षा कमी. अशी मांडणी.

ही मांडणी एका गृहीतकावर उभी आहे: काउंटीची स्वतःची पत आणि बाजाराचा सर्वसाधारण दर एकत्रच वरखाली होतील. पत घसरली आणि बाजारदर पडला तर? तर काउंटीला मिळणार कमी आणि द्यावं लागणार जास्त, एकाच वेळी. शिवाय करार मोडायचा म्हटलं तर बँकेला मोठी भरपाई. पाच आयुक्तांपैकी कोणाला हे नीट कळलं होतं असं मला वाटत नाही, आणि ज्यांना कळत होतं त्यांचं शुल्क करार होण्यावर अवलंबून होतं.

हे काम मिळावं म्हणून जेपी मॉर्गनने आयुक्तांच्या जवळच्या स्थानिक दलालांना ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम गुपचूप दिली, असा अमेरिकेच्या रोखे नियामकाचा आरोप होता. नोव्हेंबर २००९ मध्ये बँकेने तडजोड केली: काउंटीला ५ कोटी डॉलर, अडीच कोटींचा दंड, आणि स्वॅप मोडल्याबद्दल काउंटीकडे लावलेल्या ६४.७ कोटी डॉलरच्या दाव्यावर पाणी. लँगफर्ड तोवर बर्मिंगहॅमचे महापौर झाले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये ते ६० आरोपांत दोषी ठरले. एका गुंतवणूक सल्लागाराने मधल्या माणसामार्फत त्यांना रोख रक्कम, उंची कपडे आणि रोलेक्स घड्याळ मिळून सुमारे २,३५,००० डॉलरचा माल दिला होता. १५ वर्षांची शिक्षा झाली. अब्जावधींच्या व्यवहारासमोर ही रक्कम किती चिल्लर आहे हे पाहून आजही चकित व्हायला होतं.

फेब्रुवारी २००८

रोखे विकताना त्यांवर विमा घेतला होता: एफजीआयसी, एक्सएल कॅपिटल आणि एफएसए या तीन कंपन्यांचा. काउंटीची स्वतःची पत बेताची असली तरी विम्यामुळे रोख्यांना सर्वोच्च मानांकन मिळत होतं. गुंतवणूकदार काउंटीचा ताळेबंद वाचतच नव्हते, विमा कंपनीचं नाव वाचत होते.

पण याच विमा कंपन्यांनी गृहकर्जांवरच्या कागदांचाही विमा उतरवला होता. ते बुडायला लागले आणि जानेवारी-फेब्रुवारी २००८ मध्ये एफजीआयसी आणि एक्सएलचं मानांकन घसरलं. बर्मिंगहॅममध्ये त्या महिन्यात एकही नळी जास्त फुटली नव्हती, एकाही ग्राहकाने बिल बुडवलं नव्हतं. तरी फेब्रुवारीच्या मध्याला देशभर लिलाव फसले. रोखे घ्यायला कोणी आलंच नाही आणि करारातल्या सूत्रानुसार व्याज वर उडालं. काही रोख्यांवर ते १० टक्क्यांपर्यंत गेलं. बदलत्या व्याजाचे दुसऱ्या प्रकारचे रोखे होते, जे गुंतवणूकदाराला परत करता येत; ते गुंतवणूकदारांनी परत केले आणि ते पत-हमी देणाऱ्या बँकांच्या गळ्यात पडले. तसं झालं तर ३०-४० वर्षांत फेडायचं मुद्दल चार वर्षांत फेडायचं, असं करारात होतं.

आणि त्याच वेळी अमेरिकेची मध्यवर्ती बँक मंदीच्या भीतीने दर कापत होती. एकट्या जानेवारी २००८ मध्ये सव्वा टक्का. लायबोर खाली आला, म्हणजे स्वॅपमधून येणारं व्याज घटलं. वर जी शंका कागदावर वाटत होती ती अक्षरशः तशीच घडली.

आपल्या १०० रुपयांच्या उदाहरणात हप्ता ३६ वरून ६० झाला असं समजा. हातात ४५ च आहेत. डीएससीआर ०.७५. करार म्हणतो, दर वाढवा. ६० ला १.१ ने गुणलं तर ६६ निव्वळ हवेत, चालवण्याचे ५५ मिळवून १२१. म्हणजे आधीच चौपट झालेल्या दरावर एका फटक्यात एकवीस टक्के, तेही एकही ग्राहक गळणार नाही असं धरून. आणि मुद्दल चार वर्षांत फेडायचं असेल तर हा हिशेबच करायला नको.

कोणीच दर वाढवेना

२००८ नंतर आयुक्तांनी हात वर केले. धनकोंनी सवलतीच्या मुदती दिल्या, वाढवल्या, पुन्हा वाढवल्या. शेवटी रोखेधारकांच्या वतीने ट्रस्टी बँक राज्याच्या न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१० मध्ये न्यायालयाने मलनिस्सारण यंत्रणेवर रिसीव्हर, म्हणजे कोर्टाच्या वतीने कारभार पाहणारा माणूस, नेमला. हे रिसीव्हर जॉन यंग पाणी उद्योगातलेच अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी यंत्रणा तपासली आणि २५ टक्के दरवाढ सुचवली. गावात गदारोळ झाला. त्यातच मार्च २०११ मध्ये काउंटीचा व्यवसाय कर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. या कराचा मलनिस्सारणाशी काही संबंध नव्हता, पण काउंटीची सर्वसाधारण तिजोरी त्यावर चालायची. पाचशेहून जास्त कर्मचारी घरी बसले.

सप्टेंबर २०११ मध्ये तडजोड जवळजवळ झाली होती. धनको सुमारे १.१ अब्ज डॉलर सोडायला तयार होते, दर पहिली तीन वर्षं सुमारे ८ टक्क्यांनी वाढणार होते. राज्याच्या विधिमंडळाची साथ हवी होती. ती जुळली नाही. नोव्हेंबरमध्ये आयुक्तांनी ४ विरुद्ध १ मतांनी दिवाळखोरीचा ठराव केला.

आता कोर्टात जुनी सोय अंगाशी आली. अलाबामाचा कायदा बॉण्ड काढणाऱ्या संस्थांना दिवाळखोरीची परवानगी देतो. काउंटीने तर मतदारांना टाळण्यासाठी वॉरंट काढले होते. धनकोंच्या वकिलांनी नेमकं हेच धरलं. मार्च २०१२ मध्ये न्यायाधीश थॉमस बेनेट यांनी काउंटी पात्र आहे असा निकाल दिला, तेव्हा कुठे प्रकरण पुढे सरकलं. रिसीव्हरकडून कारभार काउंटीकडे परत देण्याचा आदेश त्यांनी जानेवारीतच दिला होता.

दिवाळखोरीत साधारणपणे सगळ्या धनकोंचे हात बांधले जातात. महसुली रोख्यांना त्यातून सूट आहे: तारण ठेवलेला महसूल अर्ज दाखल झाल्यानंतरही त्यांच्याकडे जात राहतो, यंत्रणा चालवण्याचा खर्च वजा करून. पण हा खर्च म्हणजे काय? काउंटी म्हणाली, जुन्या नळ्या बदलण्यासाठी बाजूला काढावी लागणारी रक्कम आणि वकिलांची फी हाही खर्चच. ट्रस्टी म्हणाला, करारात तसं नाही. जून २०१२ मध्ये न्यायाधीशांनी ट्रस्टीची बाजू उचलून धरली: घसाऱ्यासाठी किंवा पुढच्या कामांसाठी राखलेला पैसा चालू खर्च ठरत नाही.

माझ्या मते प्रकरणातला सर्वांत दूरगामी निकाल हाच. ज्या तडकलेल्या नळ्यांपायी खटला झाला, त्याच बदलायचा पैसा रांगेत व्याजामागे उभा राहिला. करार करताना या एका व्याख्येवर अर्धा दिवस कोणी घालवला असता तर बरंच वाचलं असतं. महसुली कर्जाचा मसुदा हातात आला तर मी व्याजदराच्या आधी ‘चालवण्याचा खर्च’ या शब्दांची व्याख्या वाचतो.

चाळीस वर्षांचा नवा हिशेब

३ डिसेंबर २०१३ रोजी काउंटी दिवाळखोरीतून बाहेर आली. सुमारे १.८ अब्ज डॉलरचे नवे रोखे विकून जुन्या धनकोंना मिळेल ते देऊन मोकळं केलं. धनकोंनी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलर सोडले, त्यातला मोठा वाटा, ८४ कोटींच्या आसपास, जेपी मॉर्गनचा. दर पहिली चार वर्षं ७.८९ टक्क्यांनी, मग दर वर्षी ३.४९ टक्क्यांनी वाढणार, तेही रोखे फिटेपर्यंत. दोन वर्षं कोर्टात घालवून, वकिलांवर खर्च करून, काउंटीच्या सार्वजनिक रुग्णालयातला आंतररुग्ण विभाग याच काळात बंद पाडून, ग्राहकाच्या वाट्याला आलेली वाढ २०११ च्या फसलेल्या तडजोडीतल्या वाढीच्या जवळपासच राहिली. धनकोंकडून मात्र ३० कोटी डॉलर जास्त सुटले. राजकारण्यांचा फायदा वेगळाच झाला: दरवाढ आपण केली नाही, दिवाळखोरी कोर्टाने केली, असं म्हणता आलं.

कारण दिवाळखोरीतून बाहेर पडण्याच्या आराखड्यात एक कलम होतं. पुढच्या आयुक्तांनी दर वाढवायला नकार दिला तर दिवाळखोरी न्यायालय ती वाढ अमलात आणायला लावू शकेल. जुन्या करारातलं वचन कोणी पाळलं नाही म्हणून नव्या गुंतवणूकदारांनी त्यामागे न्यायाधीश उभा करून घेतला. ग्राहकांचा एक गट यावर अपिलात गेला: पुढच्या चाळीस वर्षांच्या लोकप्रतिनिधींचा दर ठरवण्याचा अधिकार एका कराराने कसा काढून घेता येतो? प्रश्न रास्त होता. ऑगस्ट २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याचं उत्तरच दिलं नाही. रोखे विकले गेले, लोकांनी पैसे गुंतवले, आता हा सगळा व्यवहार उलगडणं शक्य नाही, असं म्हणून अपील निकालात काढलं.

२०१३ च्या रोख्यांतल्या काहींवर सुरुवातीची वर्षं व्याज द्यायचंच नव्हतं. ते मुद्दलात मिळत जाणार आणि पुढे एकदम चुकतं करायचं. सुरुवातीचे हप्ते हलके राहावेत म्हणून ही सोय, आणि तिचा वास जुन्या स्वॅपसारखाच यायचा. जानेवारी २०२४ मध्ये काउंटीने सुमारे २.२४ अब्ज डॉलरचे साधे, स्थिर व्याजाचे रोखे काढून हे सगळं फिरवून घेतलं. मानांकन संस्थांनी या वेळी त्यांना गुंतवणूकयोग्य श्रेणी दिली. बाजारात कौतुकही झालं, आणि ते अस्थानी नव्हतं, कारण फुगत जाणारे हप्ते सपाट झाले. मात्र दहा वर्षं बिलं भरून झाल्यावर कर्जाचा आकडा १.८ वरून २.२४ अब्जांवर आला होता, आणि त्यामागचं एक मोठं कारण मुद्दलात मिळत गेलेलं ते व्याज. शेवटचा हप्ता २०५३ सालचा आहे.